‘आपण’ या शब्दाचा इतिहास

कॉलेजात नवा विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्यांदा विचारतो, “कुठला रे तू?” तो सांगतो, “शिरोळचा, सर.” दुसरा म्हणतो, “मी नांदणीचा.” तिसरा कुरुंदवाडचा असतो. गावाचे नाव सांगितले की ओळख पुरी झाली असे त्यालाही वाटते आणि मलाही वाटते. परंतु हाच मुलगा पुण्याला गेला की “आम्ही कोल्हापूरचे” म्हणतो, आणि दिल्लीला गेला की “आम्ही महाराष्ट्रातले” म्हणू लागतो.

आता यात विचार करण्यासारखे काही आहे. शिरोळची माणसे त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहेत. त्यांच्या लग्नात तो जेवला आहे, त्यांच्या मयतीला गेला आहे. पण चंदगडचा शेतकरी किंवा चंद्रपूरचा कामगार त्याने कधी पाहिलेला नाही. तरीही त्यांना तो ‘आपली माणसे’ म्हणतो. न पाहिलेल्या माणसाला आपला म्हणायला त्याला शिकवले कोणी?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसावे आणि जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी अशी स्टेशने घेत जावे. पुष्कळसे उत्तर याच वाटेवर सापडते.

छापखाना येण्याच्या आधी गावाला बातमी कशी कळत असे? दवंडीने. चावडीवर काही ठरले की डफ वाजवीत एक माणूस गल्लोगल्ली फिरे आणि ठरलेली गोष्ट ओरडून सांगे. ती दवंडी जिथवर ऐकू येई तिथवर गाव. वेशीबाहेरच्या जगाची खबर मिळे ती बाजारात, नाहीतर नृसिंहवाडीला किंवा जोतिबाच्या यात्रेला गेल्यावर. पंढरीच्या वाटेवर चालताना वारकरी एका मोठ्या ‘आपण’मध्ये सामील होई, हे खरेच आहे. कीर्तनकाराने आणि शाहिराने मराठी मुलूख एकमेकांना जोडून ठेवला, हेही खरे आहे. परंतु वारी संपली, कीर्तन उठले, की माणूस पुन्हा आपल्या वेशीच्या आत आणि आपल्या जातीच्या आळीत येऊन बसे. आणि पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडायला तर १९४७ साल उजाडावे लागले.

आणखी एक गोष्ट आपण बहुधा विसरतो. दवंडी देणारा, सरकारी निरोप पोचवणारा, परगावी मयतीची बातमी घेऊन उन्हातान्हात पळणारा माणूस कोण असे? पुष्कळ गावी तो महारवाड्यातला असे. साऱ्या गावाची बातमी त्याच्या तोंडून फिरे, पण त्याच्या घरी काय घडले, त्याच्या लेकराला पाणी मिळाले की नाही, ही बातमी दवंडीत कधी येत नसे. गावाचा आवाज त्याच्याकडे होता. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठी वृत्तपत्रांचा जन्म तो. पण वृत्तपत्र निघाले म्हणून ते खेड्यात पोचले असे होत नाही. वाचणारा हवा, टपाल हवे, रस्ता हवा. आमच्या भागात मिरज–कोल्हापूर रेल्वे आली ती १८९१ साली. आमचे जयसिंगपूर तर त्याही नंतरचे. शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नावाने ही पेठ वसवली. रेल्वेने गूळ बाहेर जाऊ लागला तशी वर्तमानपत्रे आत येऊ लागली. गावात वाचता येणारी माणसे दोन-चार. तेव्हा एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशीच रीत होती. बहुतेक ठिकाणी तो वाचणारा म्हणजे गावचा मास्तर. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या धंद्याची ही जुनी प्रतिष्ठा आहे.

एका छापील बातमीने न पाहिलेली माणसे कशी जवळ येतात, याचा एक मोठा दाखला कोल्हापूरशीच निगडित आहे. १८८१ च्या जानेवारीत पुण्यास ‘केसरी’ निघाला. त्याचे संपादक आगरकर, आणि त्याचे इंग्रजी भावंड ‘मराठा’ याचे संपादक टिळक. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय कोवळे. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बातमी बाहेर पडली. या दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला, आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले.

आता यातली खरी बोधाची गोष्ट पुढेच आहे. या दोघांना दहा हजारांचा जामीन लागला. तो कोणी दिला? पुण्याचे रामशेठ उरवणे यांनी. हे उरवणे सत्यशोधक समाजाचे, आणि जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून ते पुढे झाले. टिळकांचा आणि फुल्यांचा मार्ग अगदी निराळा. तरीही दोघे तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांच्या स्वागताला नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी हजर होते. हे लोखंडे म्हणजे, कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पुढे मुंबईत ज्यांनी चालवले ते. छत्रपतींच्या गादीवरचा एक मुलगा संकटात आहे, एवढ्या बातमीने पुण्याचे ब्राह्मण संपादक आणि मुंबईचे सत्यशोधक काही काळ एका ‘आपण’मध्ये आले. वृत्तपत्र नसते तर हे घडले नसते.

पण प्रकरणाची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. ज्या पत्रांच्या आधारावर दिवाणांवर आरोप केले होते, त्या पत्रांचा खरेपणा कोर्टात सिद्ध होऊ शकला नाही, आणि संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. महाराजांचे हाल खरेच होते. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला नजरकैदेत त्यांचा करुण अंत झाला. परंतु हाती आलेला कागद खरा की बनावट, हे पाहायचे राहून गेले. जो कागद आपल्या मनातले सांगतो तो तपासायला माणूस कचरतो. टिळक-आगरकरांसारख्यांच्या हातून हे घडले, मग तुमच्या-माझ्या हातून घडणार नाही काय?

यानंतर वीस वर्षांनी कोल्हापुरातच आणखी एक कागद छापला गेला. तो वर्तमानपत्राचा नव्हता, सरकारी होता. २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या गॅझेटात शाहू महाराजांचा हुकूम प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असा तो हुकूम. नोकऱ्या किती मिळाल्या हा हिशेब निराळा. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तोवर जी माणसे स्वतःला मराठा, माळी, धनगर, साळी, महार अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखत होती, त्यांना एका छापील कागदाने एकाच ओळीत उभे केले. आपल्यासारखेच आणखी कोणी वगळले गेले आहेत, हे त्यांना प्रथमच सरकारी शाईत दिसले.

आता माणगावकडे वळू. रुकडीजवळचे हे गाव. आज ते हातकणंगले तालुक्यात आहे, त्या वेळी कागल जहागिरीत होते.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्या वेळी ते सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव लागले ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पैशाची अडचण होतीच. कोल्हापूरच्या दत्तोबा पोवारांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांची आणि आंबेडकरांची ओळख झाली, आणि महाराजांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले. नवे पत्र निघाल्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असे पुढे खुद्द आंबेडकरांनी नमूद केले आहे. म्हणजे पहा, जामिनाच्या वेळी जो ‘आपण’ इतका रुंद झाला होता, तो चाळीस वर्षांनी एका जाहिरातीपुरताही उरला नव्हता.

पत्राचे नावच बोलके आहे. मूकनायक म्हणजे ज्यांना वाचा नाही त्यांचा पुढारी. गावाची दवंडी देणाऱ्या, पण स्वतःची दवंडी नसलेल्या त्या माणसाची मघाची आठवण ठेवा. त्याचीच बातमी आता छापून येऊ लागली. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली. मनोऱ्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही. ज्या मजल्यावर जन्मावे तिथेच मरावे, असा त्या लेखाचा आशय.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर. वय अवघे अठ्ठावीस. परिषद भरवण्याच्या कामी पुढे होते गावचे जैन पाटील आप्पासाहेब. दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, असे त्यांनी त्या समुदायाला सांगितले. मराठा राजा, जैन पाटील आणि महार समाजातला बॅरिस्टर होऊ घातलेला तरुण, अशी तिघांची गाठ आपल्या या पंचगंगेच्या खोऱ्यात पडली. ही साधी गोष्ट नव्हे.

मांडवात प्रत्यक्ष बसलेल्यांनी महाराजांचे शब्द कानांनी ऐकले. पण विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या माणसाने ते कसे ऐकले? ‘मूकनायका’ने परिषदेचा वृत्तांत छापला, म्हणून. तो अंक कुठल्याशा गावी पोचला असेल, कोणी अडखळत वाचला असेल, भोवतीच्या दहाजणांनी ऐकला असेल. आपल्यासारखी माणसे दूर कुठे माणगावात जमली होती, ही गोष्ट त्या दहाजणांना कळली. त्यांच्यात कोणी माणगाव पाहिले नव्हते. पण त्या घटकेपासून माणगाव त्यांचेही झाले. त्याच वर्षी मेअखेर नागपूरला परिषद झाली आणि तिचे अध्यक्ष शाहू महाराज होते. माणगावहून नागपूरपर्यंतचे अंतर असे कागदाने कापले.

‘मूकनायक’ १९२३ पर्यंत कसाबसा चालला. पत्र बंद पडले तरी त्याने जमवलेली माणसे विखुरली नाहीत. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी मालिका चालू राहिली.

याच काळात बहुजन समाजाची इतर पत्रेही निघाली. पुण्यास श्रीपतराव शिंद्यांनी १९१९ साली ‘विजयी मराठा’ काढला. बेळगावहून ‘राष्ट्रवीर’ निघाला. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने ‘प्रगति आणि जिनविजय’ हे मुखपत्र चालवले, आणि कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याला शिक्षणाची व संघटनेची गोडी लावली. सत्यशोधक जलशांनी तर अक्षरशत्रू माणसापर्यंत हा विचार गाण्यातून नेला.

या पत्रांचे उपकार मोठे आहेत. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने अर्धीच गोष्ट सांगू नये. ‘आपण’ हा शब्द उच्चारला की त्याच्या पाठोपाठ ‘ते’ हा शब्द येतो. त्या काळच्या पत्रांत दोन्ही बाजूंनी पुष्कळ कडवट लिहिले गेले. विचारांवरची टीका अनेकदा जातीवर घसरली. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजींच्या हत्येची बातमी नभोवाणीने देशभर सांगितली. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच दक्षिण महाराष्ट्रात गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही पेटवण्यात आला. ज्या घरांचा त्या हत्येशी काडीचा संबंध नव्हता ती घरेही त्यात गेली. एका वृत्तपत्राने किंवा एका बातमीने हे केले असे म्हणणे चूक ठरेल. पण शेजारच्या घरातला ओळखीचा माणूस एका रात्रीत नुसता ‘त्यांच्यातला’ कसा होतो, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने विसरू नये.

यानंतर खेड्यात नभोवाणी आली. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, सांगलीचे केंद्र १९६३ साली. या मधल्या काळात एक फार मोलाचा प्रयोग झाला आणि त्यात आपला कोल्हापूर जिल्हा होता. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या श्रोतेमंडळांचे उदाहरण पुढे ठेवून, युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतेमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळात पंधरा-वीस माणसे. एक अध्यक्ष, एक चिटणीस. कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसांत बोलायचे, जमेल ते करून पाहायचे आणि आपल्या शंका केंद्राला लिहून कळवायच्या. त्या शंकांना पुढे नभोवाणीवरून उत्तरे मिळत.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तुलनेसाठी त्यांनी तीन तऱ्हेची गावे निवडली होती. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही, काही गावांत नुसता रेडिओ आणि काही गावांत दोन्ही नाही. निष्कर्ष काय निघाला? जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे भर पडली, पण फार थोडी. म्हणजे रेडिओ तोच आणि कार्यक्रमही तोच. फरक पडला तो ऐकून झाल्यावर एकत्र बसून बोलण्याने. मंडळे मुख्यतः पुरुषांचीच होती, ही त्यातली उणीव मान्य केली पाहिजे. तरी हा प्रयोग इतका उपयोगी ठरला की १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला.

माझ्या मते आजच्या विषयाचे सार या एका निष्कर्षात आले आहे. साधन माणसाला बातमी देते. त्या बातमीवर चारजण बसून बोलतात, एकमेकांना विचारतात, उलट बोलतात, तेव्हा कुठे ती माणसे ‘आपण’ होतात. नुसते ऐकणारे कितीही असोत, ती गर्दीच.

आज चावडीवरचा रेडिओ गेला आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. त्याला नावे ठेवण्यासाठी मी बोलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने आमचा शिरोळ तालुका वेढला, तेव्हा या मोबाईलवरच्या गटांनी केवढे काम केले हे आम्ही पाहिले आहे. कुठे माणसे अडकली आहेत, कुठे नाव हवी, कुठे दूध आणि चारा हवा, हे निरोप घराघरांतून गेले आणि परगावची अनोळखी माणसे मदतीला धावली. त्या दिवसांत कोणी कोणाची जात विचारली नाही.

आणि तेच साधन चार वर्षांनी काय करते पहा. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापूर शहरात मोबाईलवर ठेवलेल्या काही मजकुरावरून मोठा तणाव उसळला. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. ज्या शहराला आपण शाहू महाराजांचे शहर म्हणतो, त्या शहरातली ही गोष्ट. पुरात ज्या मोबाईलने शेजारी जवळ आणला, त्यानेच इथे शेजारी परका केला. यंत्र तेच होते. पुरात आलेला निरोप खरा की खोटा हे लोकांनी नदीकाठी जाऊन डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या वेळी शेजारच्या गल्लीत जाऊन विचारायला फारसे कोणी थांबले नाही.

परवा मी वर्गात मुलांना विचारले की काल आपल्या भागात काय घडले ते सांगा. चाळीस मुलांपैकी जो तो आपल्या गटातली, आपल्या जातीतली, आपल्या पक्षातली बातमी घेऊन आला होता. एकाच बाकावर बसलेल्या दोघांना एकमेकांची बातमी ठाऊक नव्हती. मला जुन्या दवंडीची आठवण झाली. प्रत्येक आळीला जणू आपली वेगळी दवंडी मिळाली आहे, आणि ती दुसऱ्या आळीत ऐकू जात नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास काढावा. एक बातमी मोठ्याने वाचावी, जशी आपल्या आधीच्या मास्तरांनी पारावर वाचली. मग मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात. ही बातमी कोणी सांगितली? ती खरी आहे हे आपल्याला कशावरून कळले? आणि ज्याच्याविषयी ही बातमी आहे, त्याला यात बोलायला मिळाले आहे काय? पहिले दोन प्रश्न १८८२ च्या खटल्याने शिकवलेले आहेत. तिसरा ‘मूकनायका’ने शिकवलेला आहे.

आणि जमल्यास एकदा मुलांना घेऊन माणगावला जावे. खर्च फारसा नाही, आणि आमच्या बाजूच्या मुलांना तर सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते. जिथे एक राजा, एक पाटील आणि एक बहिष्कृत समाजातला विद्वान एका मांडवात बसले होते, ती जागा मुलांनी डोळ्यांनी पाहिली, तर ‘आपण’ हा शब्द केवढा मोठा करता येतो हे त्यांना कळेल.